ऐन रंगात बंद पडणारा होम थिएटर रिसीव्हर : कारण कसे शोधावे

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारे ॲम्प्लिफायरचे यंत्र, चित्रपट रंगात आलेला असताना ‘टक्’ असा आवाज करून गप्प होतो, समोरचा दिवा लाल होऊन लुकलुकू लागतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू केला तर काही घडलेच नव्हते अशा थाटात व्यवस्थित वाजतो. ही तक्रार ज्यांच्या घरी असते त्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, रिसीव्हर बिघडला आहे, दुरुस्तीला टाका. दुसरा, तुमच्या स्पीकरांना हा रिसीव्हर पुरत नाही, मोठा घ्या. मी दुसरा सल्ला मानला. ८० वॉटचा रिसीव्हर काढून १२५ वॉटचा आणला, आणि हा नवा, अधिक ताकदीचा रिसीव्हर त्याच कपाटात, त्याच वायरींवर, जुन्यापेक्षा अर्धा तास आधी बंद पडू लागला. कारण शोधायला त्यानंतर अडीच महिने गेले. दोष दोन्ही रिसीव्हरांत नव्हता, आणि कारणही एक नव्हते, दोन होती. दोन्ही उन्हाळ्यातच जोर धरत असल्यामुळे ती एकच वाटत होती.

आमचे घर पुण्यात आहे. दिवाणखाना साधारण १२ बाय १८ फूट, समोर तीन स्पीकर, मागे दोन, जिप्समच्या छतात दोन आणि कोपऱ्यात खोल आवाजासाठीचा एक वेगळा स्पीकर, सबवूफर. रिसीव्हर टीव्हीखालच्या, सुताराने करून दिलेल्या कपाटात.

बंद पडण्याआधी काय घडत होते

रिसीव्हरमधले संरक्षण मंडल प्रामुख्याने तीन गोष्टींवर लक्ष ठेवून असते : उष्णता घालवणाऱ्या आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे तापमान, स्पीकरकडे जाणारा विद्युतप्रवाह, आणि स्पीकरच्या टोकांवर चुकून आलेले डीसी (एकाच दिशेचे) व्होल्टेज. यातले काहीही मर्यादेबाहेर गेले की रिले (विजेने चालणारा आतला स्विच) सुटतो, म्हणजेच तो ‘टक्’ आवाज होतो, आणि स्पीकर ॲम्प्लिफायरपासून तोडले जातात. त्यामुळे बंद पडणे हा आजार समजू नये. यंत्राने काय पाहिले ते शोधावे.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे वही. प्रत्येक वेळी रिसीव्हर बंद पडला की चार गोष्टी लिहाव्यात : चालू केल्यापासून किती वेळाने बंद पडला, आवाजाचा आकडा किती होता, काय चालले होते, आणि दिवा संथ लुकलुकत होता की भराभर. ही शेवटची नोंद लोक हमखास विसरतात, कारण घाईघाईने बटण दाबून चित्रपट पुढे चालवायचा असतो. वास्तविक अनेक कंपन्यांनी कारणाची खूण त्या दिव्यातच ठेवलेली असते. डेनॉनच्या पुस्तिकांत सुमारे दोन सेकंदांच्या अंतराने लुकलुकणारा लाल दिवा आतले तापमान वाढल्याचे सांगतो, तर अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लुकलुकणारा दिवा स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटल्याचे किंवा ॲम्प्लिफायरच्या भागातच दोष असल्याचे सुचवतो. यामाहाचे रिसीव्हर पडद्यावर सरळ ‘चेक एसपी वायर्स’ असे लिहून दाखवतात. आपल्या यंत्राची खूण कोणती, ते त्याच्याच पुस्तिकेत शेवटच्या पानांवर मिळेल.

माझ्या वहीत तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या सात वेळा रिसीव्हर चालू करून पाऊण ते एक तास झाल्यावर, संथ दिवा दाखवत बंद पडला होता. उरलेल्या चार नोंदींत वेळेचा काहीच मेळ नव्हता. कधी दहाव्या मिनिटाला, कधी दोन तासांनी, आणि दिवा भराभर लुकलुकणारा. ही फोड समोर आली नसती तर एका कारणाचा उपाय करून, दुसऱ्या कारणाने रिसीव्हर पुन्हा बंद पडल्यावर, पहिला उपायही चुकला असे मी समजलो असतो.

काहीही उघडण्याआधी एक परीक्षा करून घ्यावी. प्लग काढावा, स्पीकरच्या सगळ्या वायरी मागून सोडवाव्यात, रिसीव्हर थंड होऊ द्यावा आणि नुसता चालू करावा. स्पीकर नसतानाही तो काही क्षणांत बंद पडत असेल, तर दोष आतला आहे, बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर गेला आहे. असा रिसीव्हर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, कारण उरलेले भागही त्यात जातात. तो सेवा केंद्रातच न्यावा. झाकण घरी उघडण्याचा मोह टाळावा. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, काही काळ भारित राहतात.

बंद कपाटातली उष्णता

होम थिएटरच्या बहुतेक रिसीव्हरांत क्लास एबी प्रकारचा ॲम्प्लिफायर असतो. या प्रकारची कार्यक्षमता कागदोपत्री जास्तीत जास्त ७८.५ टक्के असते, आणि तीही पूर्ण ताकदीने वाजत असताना. घरगुती आवाजात ती फारच खाली येते. प्लग आणि बोर्ड यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक मी लावून पाहिला. आवाज अगदी बारीक असताना जुना रिसीव्हर ४५ वॉट घेत होता आणि नवा ७०. स्पीकरांना त्यातला एक वॉटही मिळत नव्हता. सगळी वीज उष्णता होऊन कपाटात साठत होती. पूर्वी साठचा बल्ब चालू असताना त्याला हात लावता येत नसे, हे ज्यांना आठवते त्यांनी त्याहून जरा मोठा बल्ब दार लावलेल्या लाकडी कपाटात चार तास चालू ठेवल्याची कल्पना करावी. ताकदीचा रिसीव्हर घेऊन मी कपाटात मोठा बल्ब लावला होता. तो आधी बंद पडू लागला यात नवल काहीच नव्हते.

तापमान मोजण्यासाठी मासे पाळणारे लोक वापरतात तो तारेचा डिजिटल तापमापक मी आणला आणि त्याचे टोक रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर चिकटवले. खोलीत ३३ अंश असताना जाळीवर पन्नासाव्या मिनिटाला ६१ अंश दिसले, आणि दोनच मिनिटांनी रिसीव्हर बंद पडला. कपाटाचे दार उघडे ठेवून हीच परीक्षा घेतल्यावर तापमान ५२ वर थबकले. म्हणजे रोग कळला, पण दार उघडे टाकणे हा उपाय नव्हे. घरात लहान मूल असेल तर मुळीच नव्हे.

कपाटाच्या मागच्या फळीत, शक्य तितक्या वर, सुताराकडून १२० मिलिमीटरचे भोक पाडून घेतले आणि तिथे संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा बसवला. पुढच्या दाराच्या तळाशी हवा आत येण्यासाठी फट ठेवली. पंखा गरम हवा बाहेर ओढणारा असावा; रिसीव्हरवर वारा सोडणारा पंखा तीच गरम हवा कपाटात फिरवत राहतो. पंख्याचा आवाज शांत प्रसंगांत ऐकू येऊ नये म्हणून तो जुन्या राउटरच्या ९ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवला. वेग कमी होतो, पण हवा हलती राहिली की पुरते. रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवलेला सेट-टॉप बॉक्स बाजूला काढला आणि वर साधारण १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली. आता तेवढ्याच वेळात जाळीवर ४४ अंश दिसतात, आणि चित्रपट संपेपर्यंत त्याच्यापुढे फार जात नाहीत.

अकोला, नागपूरकडच्या वाचकांना मात्र मे महिन्यात खोलीच तापलेली मिळते, आणि रिसीव्हरच्या पुस्तिकांत वापराचे कमाल तापमान बहुधा ३५ ते ४० अंशांच्या दरम्यानच दिलेले असते. तिकडे बंद कपाटाचा विचारच सोडून रिसीव्हर उघड्या रॅकवर ठेवावा. कूलरची ओली हवा त्याच्यावर थेट येऊ देऊ नये.

उष्णतेने रिसीव्हर लगेच मरत नाही, पण म्हातारा लवकर होतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणून बंद पडत नसला तरी भाजणारा रिसीव्हर तसाच चालू देऊ नये.

भराभर लुकलुकणारा दिवा

पंखा बसल्यावर संथ दिवा पुन्हा दिसला नाही. भराभर लुकलुकणारा मात्र जूनमध्ये दोनदा दिसला. इथे तारा तपासणे भाग होते.

तारांचा दोष बहुतेक वेळा रिसीव्हरच्या पाठीशीच सापडतो. वायरीचे आवरण जास्त सोललेले असते, तांब्याचा एखादा सुटा केस शेजारच्या टोकाला टेकलेला असतो आणि खोल आवाजाच्या कंपाने टेकत-सुटत राहतो. आवरण सुमारे १० मिलिमीटरच सोलावे, केस घट्ट पिळून एकत्र करावेत, आणि जमल्यास बनाना प्लग लावावेत. मी मोबाइलचा दिवा धरून एकेक टोक पाहिले. सगळी स्वच्छ होती.

मग मल्टिमीटर घेतला. प्लग काढून, स्पीकरच्या दोन्ही तारा रिसीव्हरपासून सोडवून, २०० ओहमच्या पट्ट्यावर त्या टोकांमधला रोध मोजला. ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो आणि ४ ओहमचा तीन ते साडेतीन. हा फरक दोषाचा नाही, कारण मल्टिमीटर डीसी रोध मोजतो. आकडा एकाच्या खाली गेला तर तारा कुठेतरी चिकटल्या आहेत. माझे सातही स्पीकर ठीक निघाले. दोन दिवस मी गोंधळातच होतो.

उत्तर पुन्हा वहीनेच दिले. भराभर दिव्याच्या सगळ्या नोंदींत दोन गोष्टी सारख्या होत्या. छतातले स्पीकर त्या वेळी वाजत होते, म्हणजे बातम्या किंवा मालिका नव्हे तर डॉल्बी ॲटमॉसचा (छतातल्या स्पीकरांसाठीही वेगळा आवाज असलेला) चित्रपट चालू होता; आणि छताचा पंखा पाचवर होता. हिवाळ्यात पंखा बंद असतो, त्यामुळे हिवाळ्यात हा दोष दिसत नव्हता, आणि उन्हाळ्यात दिसतो म्हणून मी तो उष्णतेच्या खात्यावर टाकत होतो. पंखा पाचवर ठेवून, छतातल्या उजव्या स्पीकरच्या तारांना मल्टिमीटर लावून मी वीस मिनिटे खाली स्टुलावर बसलो. आकडा ६.३ वर स्थिर होता, आणि मध्येच क्षणभर ०.४ होऊन पुन्हा ६.३ झाला. एवढा समाधानाचा क्षण नव्या रिसीव्हरच्या खोक्याने दिला नव्हता.

छतातला तीन इंची दिवा काढून त्या भोकातून हात घातला. स्पीकरची वायर पाइपमधून न घेता जिप्समच्या पत्र्याच्या चौकटीवर नुसती टाकलेली होती, आणि पुढे कधीतरी पडद्याची पट्टी बसवणाऱ्या कारागिराचा स्क्रू तिच्यातून आरपार गेला होता. स्क्रूच्या टोकाला तांब्याची लालसर झाक होती आणि वायरीवर तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग. पंख्याच्या हलक्या झोक्याने चौकट थरथरली की स्क्रू दोन्ही तारांना जोडत होता. ती वायर कापून टाकली आणि दीड चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर लवचीक पाइपमधून घेतली. घराचे काम चालू असणाऱ्यांनी छत बंद होण्याआधी प्रत्येक स्पीकरच्या वायरीला पाइप आहे की नाही हे स्वतः पाहावे, आणि वायरींचे फोटो काढून ठेवावेत. वायर घेताना ती तांब्याचीच असल्याची खात्री करावी, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास मिळते आणि दिसायला सारखीच असते.

एकाच टोकाला दोन स्पीकर जोडण्याची हौसही याच दोषात मोडते. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरला ४ ओहम दिसतात. ८ ओहमला १०० वॉट देताना सुमारे साडेतीन अँपिअर जातात. तेवढ्याच व्होल्टेजला ४ ओहममधून सात अँपिअर मागितले जातात, आणि संरक्षण मंडल नेमके तेच पाहत असते. ६ ओहम लिहिलेला स्पीकरही काही स्वरांवर चार किंवा त्याखाली उतरतो. मोठ्या धमाक्यालाच, दर वेळी त्याच प्रसंगाला रिसीव्हर बंद पडत असेल तर इथे पाहावे.

वॉट किती लागतात

हा हिशेब मी मोठा रिसीव्हर घेण्याआधी करायला हवा होता. ८० वॉटवरून १२५ वॉटवर गेल्याने आवाजात दोन डेसिबलपेक्षाही कमी फरक पडतो. वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात.

आता घरातली गरज पाहू. माझे समोरचे स्पीकर एक वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतात. साडेतीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत खोलीत त्यातले सुमारे आठ कमी होतात, म्हणजे ८० उरतात. सोबतच्या मायक्रोफोनने खोलीतल्या आवाजाची आपोआप मोजणी करून घेतलेल्या रिसीव्हरवर शून्याचा आकडा हा चित्रपटगृहाचा मानक आवाज धरलेला असतो आणि तिथे एका स्पीकरचे शिखर, म्हणजे क्षणभराचा सर्वांत मोठा आवाज, १०५ डेसिबलपर्यंत जाते. आम्ही उणे १५ वर ऐकतो, म्हणजे शिखर ९०. त्यासाठी लागणारे वॉट दहा! उणे २० वर तर तीनच. शून्यावर ऐकणाऱ्याला मात्र तीनशेच्या पुढे वॉट लागतील, आणि ते घरगुती रिसीव्हर सहसा देणार नाही. त्याने आधी जास्त संवेदनशील स्पीकर घ्यावेत.

खोक्यावरचा मोठा आकडा वाचताना खालची बारीक ओळही वाचावी. दोन स्पीकर एकदम चालवून, ८ ओहमला, २० ते २०,००० हर्ट्झ पट्ट्यात, ०.०८ टक्क्यासारख्या कमी विकृतीला (आवाजातल्या बिघाडाला) दिलेला आकडा खरा मानावा. एकच स्पीकर, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के विकृती असे लिहिलेला आकडा केवळ दुकानाच्या फळीवर शोभतो. सारख्याच आकड्याच्या दोन रिसीव्हरांत वजनदार असेल तो मी निवडीन, कारण वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मरचे आणि उष्णता घालवणाऱ्या पट्ट्यांचे असते.

रिसीव्हरवरचा भार कमी करणारी सर्वांत स्वस्त गोष्ट मात्र मेनूमध्येच आहे. सबवूफर असूनही आपोआप होणारी मोजणी कित्येकदा समोरचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवून मोकळी होते, आणि मग खोल आवाजाचा सगळा भार रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरवर पडतो. स्पीकर हाताने ‘स्मॉल’ करून सीमा ८० हर्ट्झ ठेवावी. त्याखालच्या स्वरांचे काम सबवूफरचा स्वतःचा ॲम्प्लिफायर करतो. चार फुटी स्पीकरला ‘स्मॉल’ म्हणताना जीव हळहळतो, पण तो शब्द उंचीबद्दल नाही. मोजणी पुन्हा केली की ही निवड पुसली जाते, तेव्हा दर वेळी पाहून घ्यावी.

काही रिसीव्हरांत स्पीकरचा रोध ४ किंवा ६ ओहम निवडायची सोय असते आणि बंद पडणाऱ्या रिसीव्हरला ती लावायला सांगितले जाते. त्याने आतले व्होल्टेज खाली येते, रिसीव्हर कमी तापतो, पण आवाज वाढवला की तो आवाज लवकर फाटू लागतो. मी ती ८ वरच ठेवली आहे.

विजेचा दोष

वहीतल्या वेळा घड्याळाशी जुळत असतील, उदाहरणार्थ रोज संध्याकाळी सोसायटीचा पंप लागतानाच रिसीव्हर जात असेल, तर बोर्डावरचे व्होल्टेज मोजावे. आपल्याकडे २३० व्होल्ट, दहा टक्के इकडे-तिकडे, म्हणजे २०७ ते २५३ ही चालणारी मर्यादा आहे. वीज क्षणभर तुटून रिसीव्हर बंद पडला असेल तर संरक्षणाचा लाल दिवा लुकलुकत नाही. तो सरळ बंद होतो किंवा स्वतःहून पुन्हा सुरू होतो. रिलेवर चालणारा स्वस्त स्टॅबिलायझर पायरी बदलताना असा झटका स्वतःच देतो, त्यामुळे एक दिवस तो काढून पाहावे. आणि वीज गेल्यावर चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवू नये; ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि विनाकारण तापतो.

रिसीव्हर चालूच राहून फक्त आवाज जात असेल तर ते प्रकरण एचडीएमआय केबलचे किंवा टीव्हीच्या सेटिंगचे आहे. त्याचा या शोधाशी संबंध नाही.

छतातली वायर बदलल्याला आता दोन उन्हाळे झाले आणि वहीत त्यानंतर नोंद नाही. जुना ८० वॉटचा रिसीव्हर मी ‘जरा नाजूक आहे’ असे बजावून निम्म्या किमतीत नाशिकच्या मावसभावाला दिला होता. त्याने तो उघड्या रॅकवर ठेवला आहे, आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात वाजवतो, आणि तो एकदाही बंद पडलेला नाही हे मला दर भेटीत न चुकता सांगतो.